सर्वणचा चोणक

आमच्याकडे मासा घेताना भाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "खंयचें?" कुठला? मासा ताजा की शिळा, हे बघणाऱ्याला दिसतं. कल्ला उचलला की लाल की मळका ते कळतं. पण तो शापोरा नदीतला की तेरेखोलचा, वेंगुर्ल्याकडचा की परराज्यातून बर्फात बसून आलेला, हे विकणारणीच्या तोंडूनच ऐकायचं असतं. त्या एका शब्दावर मासा चढतो नाहीतर पडतो. सोयरीक जुळवताना मुलीचं गाव विचारतात, तितक्याच गांभीर्यानं हे चालतं.

माझा मासा सर्वणचा. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. सर्वण हे डिचोली शहराला लागून असलेलं शेतीचं गाव. तिथं समुद्र नाही, खाडी नाही, कुणाच्या दारात होडी नाही. तिथं आमच्या कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या खालच्या अंगाला मी तळं खणलंय आणि त्यात चोणक, म्हणजे तुमच्याकडचा जिताडा, पोसते. चोणक म्हटलं की गोव्यातला माणूस हातातलं काम टाकून मान वर करतो. मासा खाऱ्या पाण्यातला खरा, पण पिल्लू असताना हळूहळू सवय लावली तर गोड्या पाण्यातही मजेत राहतो. मीही तशीच राहिले. मी पेडण्यातल्या पार्सेची, नदीकडची. लग्न होऊन या कोरड्या गावात आले आणि इथलीच झाले.

माझे वडील शेतकरी, पण संध्याकाळी पागेर खांद्यावर टाकून शापोऱ्याच्या काठाला जायचे. पागेर म्हणजे गोल फेकायचं जाळं. ते पाण्यावर कसं उघडायचं, हे बघायला मी त्यांच्या मागून जायची. बाजारातला मासा ते तोंडात घालत नसत. "हें नुस्तें न्हय, हें बर्फ," म्हणायचे आणि ताट सरकवायचे. नुस्तें म्हणजे मासळी. आमच्या भाषेत या शब्दाचं वजन वेगळं आहे, आमटी-भाजी अशा साध्या जातीत तो बसत नाही. मग हळूहळू पागेर हलकं येऊ लागलं. आधी मोठे मासे गेले, मग मधले. शेवटी शेवटी ते चार बोटांएवढी पिल्लं घेऊन यायचे आणि आई ती साफ करायची. एक दिवस त्यांनी पागेर पडवीत खुंटीला लावलं ते लावलंच. नदी तीच होती, हात तेच होते. मासा उरला नव्हता. आणि तरीही आजसुद्धा पार्सेला मी माझ्या तळ्याचं नाव काढलं की वडील कान बंद झाल्यासारखे बसतात.

तळं खणायची पाळी कशी आली तेही सांगते, कारण हौसेनं कुणी शेतात खड्डा करत नाही. माझा नवरा खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा टिपर दारात उभा राहिला आणि त्याच्या टायरांवर कोंबड्या बसू लागल्या. शेतात उतरावं तर तिथं वर्षानुवर्षं पावसाच्या पाण्याबरोबर वरच्या खाणींचा लाल गाळ येऊन बसलेला. भात लावलं की हिरवं दिसायचं, दाणा भरायचाच नाही. जमीन होती आणि नव्हती. नवरा मिळेल तिथं मिळेल त्याची गाडी चालवायला जाऊ लागला, दोन-दोन दिवस बाहेर. मी घरी. डोकं रिकामं ठेवणं मला जमत नाही, तो माझा स्वभाव नाही.

पणजीला मासे पोसण्याचं सरकारी प्रशिक्षण होतं, तिथं गेले. सगळे पुरुष. मला बघून एकानं विचारलं, "तुमचो घोव येवंक ना?" नवरा नाही आला का? मी म्हटलं, तो आला असता तर मी कशाला आले असते. तिथं शिकवणाऱ्यानं जगाचा नकाशा लावला होता. समुद्रातून काढता येण्यासारखं बरंचसं माणसानं काढून घेतलंय, खाणारी तोंडं वाढतायत, आणि जगात आता जेवढे मासे लोक खातात त्यांत जाळ्यातल्यांच्या बरोबरीनं पोसलेले असतात, पुढं तेच जास्त असणार, असं त्यानं सांगितलं. बाकीचे लिहून घेत होते. मी वडिलांच्या खुंटीवरच्या पागेराचा विचार करत होते. नकाशावर जे निळं होतं त्यातलं एक बोटभर मी स्वतः रिकामं होताना पाहिलं होतं.

तेव्हापासून हा वाद मी कुणाशीही, कुठेही घालायला तयार असते. तुम्ही भात खाता ते काय रानात आपोआप उगवलेलं? कोंबडी झाडावरून धरून आणता? दूध काय रानगव्याचं पिता? ताटातलं सगळं माणसानं पोसलेलं, राखलेलं, खत-पाणी घातलेलं चालतं, आणि एकटा मासा मात्र रानटीच हवा! तो कुणी पोसला की लगेच नाक मुरडायचं. हे कुठलं शास्त्र?

तळं साधं नसतं. आमची जमीन जांभ्याची, पाणी धरत नाही, म्हणून आत जाड ताडपत्री अंथरावी लागली. विहिरीचं पाणी, वर हवा मारायचं यंत्र. वीज गेली आणि हवा थांबली की मासे गुदमरतात. चोणक स्वभावानं दुष्ट. मोठा झाला की शेजारच्या धाकट्याला गिळतो. म्हणून सारखी निवड करावी लागते, मोठे एकीकडे, लहान दुसरीकडे. विकायच्या आधी त्यांना स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवायचं, म्हणजे चिखलाचा वास उरत नाही. हे मी सगळं शिकले ते चुकून-माकून, पहिली खेप निम्मी मेल्यावर. त्या दिवशी मी तळ्याच्या काठावर बसून ढसाढसा रडले आणि रडून झाल्यावर मेलेले मासे माडांच्या आळ्यात पुरले. त्या माडांना पुढं नारळ बरे धरले, एवढंच त्यातलं सुख.

सासूबाई पहिल्यापासून माझ्या बाजूला होत्या की नव्हत्या, हे सांगणं कठीण आहे. तोंडानं त्या काहीच बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी दाणे टाकायचं काम त्यांनी माझ्या हातातून आपल्याकडे घेतलं. काठावर बसायच्या, मूठभर दाणे टाकायच्या, पाणी उकळल्यासारखं व्हायचं, आणि त्या खूश होऊन माशांना शिव्या घालायच्या. काही मासे त्यांच्या ओळखीचे झाले. एकाचं कल्ल्याचं झाकण एका बाजूला तोकडं होतं, पोसलेल्या माशांत असं एखाद्याचं होतं. त्याला त्या "तोकडो" म्हणायच्या. तो सगळ्यांत आधी वर यायचा आणि सगळ्यांत जास्त खायचा. पण तळ्यातला मासा शिजला की सासूबाई डाळ-भात घ्यायच्या. "दाणे घातिल्ल्या हातान ताका कशें खावचें?" म्हणायच्या. मी म्हटलं, "मांय, कोंबडी खाताच ना?" त्या म्हणाल्या, "कोंबडी म्हजी वाट पळयत रावना." कोंबडी माझी वाट बघत राहत नाही.

खरा अडसर होता तो थोरल्या दिरांचा. त्यांना आम्ही दादा म्हणतो. पणजीला नोकरी, तिथंच बिऱ्हाड. गावच्या घरी ते चवथीला म्हणजे गणपतीत, शिगम्याला म्हणजे होळीत आणि कुणी मेलं तर येतात. सासरे गेल्यापासून घरातला मोठा पुरुष म्हणून शब्द त्यांचा. त्यांना तळं पहिल्या दिवसापासून खुपत होतं. वास येतो, डास होतात, ही सांगायची कारणं. खरं कारण एकदा फोनवर त्यांच्या तोंडून निसटलं. ऑफिसात गावचाच कुणी त्यांना म्हणाला होता, तुमचं घर आता नुस्तेंकारांचं म्हणून सांगतात म्हणे. नुस्तेंकार म्हणजे मासे विकणारे. दादांना ते झोंबलं. "आमी नुस्तें खाणारे," ते मला म्हणाले, "विकणारे केन्ना जाले?" मी विचारलं, खाणाऱ्याला लाज नाही तर विकणाऱ्याला कसली? त्यांनी फोन ठेवला.

मग निरोप आला. चवथ झाली की तळं बुजवायचं. तिथं दादा गाड्या ठेवायला शेड बांधणार. माती नवऱ्यानंच त्याच्या टिपरातून आणून टाकायची.

नवऱ्याकडे बघितलं तर तो जनेलातून बाहेर बघत होता. थोरल्या भावाला त्यानं आयुष्यात उलट उत्तर दिलेलं नाही. मी त्याला काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर भांडण झालं असतं आणि भांडण मला दादांशी करायचं होतं.

चवथीला चार दिवस राहिले होते. तळ्यात विकण्याजोगे बरेच चोणक होते. ठरवलं, बुजवायचंच असेल तर आधी आपला मासा काय आहे ते बाजाराला दाखवून देऊ. डिचोलीच्या बाजारात एक मावशी मासे विकायची. माझा सगळा माल तीच घ्यायची. तोंडानं तिखट, हातानं सढळ. तिच्याकडे मी दर खेपेला मासे टाकायची आणि माघारी वळायची. ती ते कसे विकते, हे मी कधी थांबून बघितलंच नव्हतं. त्या दिवशी मासे टाकले आणि बस चुकली म्हणून थांबले. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "खंयचो चोणक?" आणि मावशी पापणी न हलवता म्हणाली, "शापोऱ्याचो. आतांच आयला."

मी पुढं होऊन विचारलं, मावशी, हे काय?

"कितें काय? सर्वणचो म्हणून सांगलें जाल्यार माशी सोडून कोण येवचें ना. लोकांक नुस्तें जाय आसता आनी न्हंयय जाय आसता. हांव दोनूय दितां." लोकांना मासा हवा असतो आणि नदीही हवी असते; ती दोन्ही देत होती.

मला राग यावा की हसू, कळेना. ज्या नदीनं माझ्या बापाचं पागेर रिकामं ठेवलं, तिचं नाव माझ्या माशांना लागत होतं आणि त्या नावावर ते उड्या मारून विकले जात होते. मी खाद्य घालायचं, मी निवड करायची, मी उपाशी ठेवायचं आणि कौतुक व्हायचं शापोऱ्याचं! मावशीला म्हटलं, पुढच्या खेपेला खरं नाव सांग. ती म्हणाली, "तूं पोस. विकपाचें म्हजेर सोड."

चवथ आली. श्रावणापासून घरात शिवराक, म्हणजे मासळीचा वासही नाही. दीड दिवसाचा गणपती. विसर्जन करून आलं की दुसऱ्या दिवशी मासा हवा, हा आमच्याकडे आरतीइतकाच पक्का नियम. त्यात तो दिवस सोमवार नव्हता. दादा आदल्या रात्रीच म्हणाले, "फाल्यां हांव नुस्तें हाडटां. तळ्यांतलें नाका. चिखल खावपाचो जाल्यार शेतांत बसून खातलों." उद्याचा मासा ते स्वतः आणणार, तळ्यातला नको, हे माझ्याकडे न बघता म्हणाले, पण ऐकायला मीच होते.

समुद्र खवळलेला होता, होड्या बाहेर पडल्या नव्हत्या, बाजारात मोठं नुस्तें जवळजवळ नव्हतंच. हे मला माहीत होतं, कारण विसर्जनाच्या सकाळी मावशीनं निरोप पाठवून माझ्याकडून चार चोणक नेले होते. ते जाळ्यातून काढून दिले होते ते नवऱ्यानं. मी तेव्हा नैवेद्याच्या गडबडीत होते.

दादा सकाळीच गेले आणि उन्हं चढायच्या आत आले. हातात पिशवी, चेहऱ्यावर राज्य जिंकल्याचा भाव. "शापोऱ्याचो," ते दारातूनच ओरडले. "एकच उरलो आशिल्लो. भांडून हाडला."

स्वयंपाकघरात पिशवी उघडली. मासा सुंदर होता, घट्ट, चांदीसारखा. मी तो उलटा केला. एका बाजूचं कल्ल्याचं झाकण तोकडं होतं.

सासूबाई विळीवर खोबरं खोवत होत्या. त्यांनी मान पुढं करून बघितलं, विळी बाजूला सारली आणि अगदी हळू विचारलं, "हो आमचो तोकडो न्हय गो?"

मी मान डोलावली. मग त्यांच्या पोटात हसू उठलं ते त्यांनी पदरानं दाबलं, आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले, कारण तोकडा त्यांचा होता. मी मासा कापला. तुकड्यांना मीठ, हळद, तिखट चोळून रव्यात घोळवले, सोलं, म्हणजे आमसुलं, घालून डोक्याचं हुमण, म्हणजे आमटी, केली. जितकं चांगलं करता येईल तितकं केलं. एखाद्याला सत्य वाढायचं तर ते चविष्ट असावं, असं मला वाटतं.

पंगत बसली. दादांनी पहिला तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले. "हाका म्हणटात चोणक!" ते म्हणाले. "न्हंयचें उदक जिबेक लागता. पोसलेल्याक ही रूच येवचीच ना." मग दुसरा तुकडा घेतला, मग डोक्याचं हुमण भातावर ओतून घेतलं. बोटं चाटली. मी वाढत होते. गप्प राहिले असते तर दुपार सुखात गेली असती, आणि संध्याकाळी माती आली असती.

"दादा," मी म्हटलं, "हो आमच्या तळ्यांतलो."

ते हसले. मी सांगत गेले: मावशीनं काल नेला तो, तोकड्या कल्ल्याचा, मांयच्या हातचे दाणे खाऊन वाढलेला. नवऱ्यानं ताटातून मान वर केली आणि म्हणाला, "होय. हांवेंच काडून दिल्लो." एवढंच. पण तो बोलला, आणि माझ्या बाजूनं बोलला.

मला वाटलं होतं, दादा लाजतील, हसतील, विषय संपेल. कसला संपतोय! त्यांनी ताट सारलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना फसवलं, ती बाजारातली बाई आणि मी एकमेकींना सामील आहोत, ऐन सणासुदीला घरच्या मोठ्या माणसाची फजिती केली. "फाल्यांच माती पडटली," ते म्हणाले. "जमीन बाबाची."

सासूबाई डाळ-भात जेवत होत्या. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाबाची अर्धी. अर्धी म्हजी."

गोव्यात हे खरंच आहे. पोर्तुगीज गेले पण कायदा राहिला. नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा हिस्सा असतो. सगळ्यांना माहीत असतं, आणि घराघरांतून कुणी उच्चारत नाही.

"आनी तळें," सासूबाई पुढं म्हणाल्या, "म्हज्या अर्ध्यांत आसा."

"आई, वांटणी जावंक ना," दादा चिडून म्हणाले. "तुजें अर्धें खंय, हें कोणें सांगलें?"

"हांवें सांगलें," त्या म्हणाल्या आणि ताक मागितलं.

माती आली नाही. दादा त्याच दुपारी पणजीला निघून गेले. पण जाता जाता डिचोलीच्या बाजारात थांबले आणि मावशीशी सगळ्यांदेखत भांडले. खोटं नाव सांगून मासा विकते, म्हणाले. मावशीनं त्यांना काय सुनावलं ते मी ऐकलं नाही, पण बाजार दोन दिवस तेच बोलत होता. आणि मी पुढची खेप घेऊन गेले तेव्हा तिनं माझ्या टोपलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुजें नुस्तें आतां म्हाका नाका," ती म्हणाली. "म्हजी जीब लटिकी केली तुवें. हांगा जीबच खपता." मग तिला राग आवरेना. माझ्या चोणकांच्या दाण्यांत कसलं पीठ असतं, हे तिला कुठून तरी कळलं होतं. "तारलीं दळून घालतात तातूंत. गरीब खायता तीं तारलीं. ग्रेस्ताच्या चोणकाक गरीबाचें नुस्तें!" ग्रेस्त म्हणजे पैसेवाला.

हे लागलं, कारण यात खोट नव्हती. दाण्यांत समुद्रातल्या बारक्या मासळीचं पीठ असतं. मासे पोसून जगाचं पोट भरणार म्हणताना हा हिशेब कुणीतरी तोंडावर मांडायलाच हवा होता, आणि तो मावशीनं मांडला. मी घरी येऊन वाफ्याएवढं दुसरं तळं खणलं आणि त्यात काळुंदर सोडले. ते शेवाळ खातात, कोंडा खातात, कुणाच्या ताटातलं ओढून घेत नाहीत. चोणक मात्र ठेवले. मी संत नाही. मला घर चालवायचंय आणि एका फटक्यात सगळं बरोबर करणं मला जमणार नाही. अर्धं जमलं तर अर्धं.

पण विकायचं कुठं? मासे वाढत होते, खात होते, आणि घेणारी रुसली होती. आठवडाभर विचार केला. खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही नव्हतं, फक्त धीर जमवायचा होता. आमच्या घरातली बाई आजवर बाजारात बसली नव्हती. मासे घ्यायला जाणं नव्हे, विकायला बसणं. एका शनिवारी टोपली, विळा आणि पाट घेऊन मी डिचोलीच्या बाजारात मावशीच्या समोरच्या रिकाम्या जागेत बसले. पदर डोक्यावरून घेतला नाही. तोंड कुणापासून लपवायचं?

ओळखीच्या बायका थबकल्या, पुढं गेल्या. शेजारणीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला न विचारता विधवा झालेय. विचारणारे विचारायचे, "खंयचें?" मी मोठ्यानं सांगायची, "सर्वणचें. हांवें पोसलां." तोंडं वाकडी व्हायची. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळा माल परत नेला आणि आम्ही रात्री मासेच मासे खाल्ले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सिंधुदुर्गातून कामाला आलेल्या तीन बायका थांबल्या, बांधकामावर राबणाऱ्या. त्यांतल्या एकीनं कल्ला उचलून बघितला आणि फक्त एवढंच विचारलं, "ताजो आसा मां?" मी म्हटलं, सकाळी जिवंत होता. तिनं घेतला. दुसरीनं काळुंदर घेतले. त्यांना नदीचं नाव नको होतं, पोरांना घालायला मासा हवा होता. त्या गेल्यावर मी उगाच पाट धूत बसले. जगाच्या नकाशावरची खाणारी तोंडं मला पहिल्यांदा दिसली ती अशी, सिमेंट लागलेल्या पायांवर उभी.

त्या दुसऱ्या आठवड्यात आल्या, आणखी दोघींना घेऊन. मग पोदेर आला. रोज सायकलवरून पाव विकणारा, त्याला कोणत्या नदीचा याची काय पडलेली! मग एक मास्तरीण. मग ज्यांची तोंडं वाकडी झाली होती त्यांतली काही सरळ झाली. सगळी नाही. अजूनही काहीजण माझ्यासमोरून नाकाला रुमाल लावून जातात. मी त्यांना हाक मारते, "येयात, वास घेवन पळयात!" मावशी समोरून ऐकते. पहिले काही दिवस ती तोंड फिरवून बसायची. मग वारं सुटलं, होड्या अडकल्या, तिची टोपली रिकामी राहिली, तेव्हा ती माझ्या पाटाशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, घे, पण नाव खरं सांगायचं. ती म्हणाली, "सांगतां. पूण बोंब तूं मार. म्हज्या तोंडाक अजून संवय ना."

गेल्या रविवारी दादा आले. कुणाच्या तरी लग्नासाठी गावात होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट. बाजाराच्या तोंडाशी मला बघून थबकले. त्यांच्या बरोबर ऑफिसातला एक गृहस्थ होता. त्यानं माझ्या टोपलीतला मोठा चोणक बघितला आणि खूश होऊन दादांना म्हणाला, बघू या का? दादांना पुढं यावं लागलं.

त्यांनी मला ओळख दिली नाही. परक्या बाईला विचारावं तसा भाव विचारला. वाटलं, हाक मारावी, "दादा," म्हणावं, सगळ्या बाजाराला सांगावं की हे माझे दीर. मग म्हटलं, नको. ओळख भीक म्हणून घ्यायची नाही. मीही परक्या बाईसारखा भाव सांगितला, एक पैसा कमी न करता. त्यांनी मान डोलावली. मी मासा पाटावर घेतला आणि खवले काढू लागले. जोरात, नेहमीपेक्षा थोडं जास्तच जोरात. खवले उडाले. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर चार-पाच चिकटले.

त्यांचा सोबती विचारत होता, "खंयचो हो?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात दादा म्हणाले, "सर्वणचो."

हळू म्हणाले, घसा खाकरल्यासारखे. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी मासा पिशवीत घातला, पिशवी त्यांच्या हातात दिली. ते आणखी काही म्हणतील म्हणून मी थांबले नाही. त्यांच्या मागं एक बाई केव्हाची ताटकळत उभी होती, तिला काळुंदर हवे होते.